बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक: रेटिनोब्लास्टोमाच्या वाटेवर पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या आईवडिलांसाठी

डोळ्यालाही कॅन्सर होतो, हे आपल्याकडे बहुतेकांना कळतं ते घरातल्या एखाद्या लहानग्याच्या केस पेपरवर ‘रेटिनोब्लास्टोमा’ लिहून आल्यावर. शब्द उच्चारायलाच जड, मूल जेमतेम दीड-दोन वर्षांचं, आणि डॉक्टर म्हणतात उद्या भूल देऊन तपासू, उपाशीपोटी आणा. हा लेख त्या घरच्यांसाठी आहे. फोटोत काहीतरी विचित्र दिसलंय पण अजून दवाखान्याची पायरी चढलेली नाही, अशांसाठीही आहे.

आजार डोळ्याच्या आत असतानाच पकडला आणि उपचार पुरे केले, तर १०० पैकी ९५हून जास्त मुलं वाचतात. आपल्याकडे मुलं दगावतात त्यात वेळ दोन ठिकाणी गेलेला असतो. एक, चमक दिसल्यापासून योग्य डॉक्टरपर्यंत पोचण्यात. दोन, ‘डोळा काढावा लागेल’ हे ऐकल्यावर. तिथून कित्येक कुटुंबं घरी निघून जातात आणि गाठ डोळ्याबाहेर आल्यावर परत येतात. यातली दुसरी जागा जास्त घातक आहे, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आजार काय आहे

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा पातळ पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. मूल लहान असताना या पडद्याच्या पेशी अजून घडत असतात आणि त्या काळातच हा कॅन्सर उद्भवतो. म्हणून जवळजवळ सगळे रुग्ण पाच वर्षांच्या आतले. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. आपल्याकडे जन्मच इतके, की जगातले सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत, वर्षाला अंदाजे दीड हजार. दोन्ही डोळ्यांत असेल तर पहिल्या वाढदिवसाच्या मागेपुढे लक्षात येतो, एकाच डोळ्यात असेल तर दोनेक वर्षांचं झाल्यावर.

कारण १३व्या गुणसूत्रावरच्या आरबी-१ नावाच्या जनुकात आहे. या जनुकाच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात. सायकलचे दोन ब्रेक समजा: एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर भागतं, दोन्ही गेले की पेशी वाढत सुटते. अमेरिकेतल्या आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी १९७१ साली ४८ रुग्णांच्या नोंदींवरून हा तर्क मांडला, आणि प्रत्यक्ष जनुक १९८६ साली हाती लागलं. काही मुलं जन्मतःच सगळ्या पेशींमध्ये एक ब्रेक निकामी घेऊन येतात. त्यांना आजार लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर तो आनुवंशिक प्रकार धरायचा. एकाच डोळ्यात असेल तरी शंभरातल्या पंधराएक मुलांमध्ये तो आनुवंशिक निघतो.

घरात दोषारोप सुरू होतात, म्हणून हे सांगायला हवं. आनुवंशिक म्हणजे आईकडून आलेला असा अर्थ नाही. बहुतेक मुलांच्या घरात हा आजार आधी कुणालाच झालेला नसतो, बिघाड त्या मुलापासूनच नव्याने सुरू होतो. आणि असा नवा बिघाड बहुतांश वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीत झालेला असतो, हे ‘सुनेच्या माहेरचं काहीतरी’ म्हणणाऱ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. ग्रहण न पाळणं, गरोदरपणी काही खाणं, मोबाइल, दृष्ट लागणं, यांतल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही.

मोठ्या माणसांना डोळ्याचे जे कॅन्सर होतात ते वेगळे. पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी, औषधाने न जाणारी रांजणवाडी पन्नाशी-साठीच्या माणसाला असेल, तर ती कापून टाकून भागत नाही, तुकडा तपासायला पाठवावा लागतो. पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर नेमका असाच फसवतो, आणि आशियाई लोकांमध्ये तो अधिक दिसतो. बुबुळाच्या कडेला पांढरट-गुलाबी मांस वाढत असेल तर तेही दाखवावं. डोळ्याच्या आतला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, गोऱ्या लोकांत जास्त, आपल्याकडे विरळ. इतकं पुरे, आता मुलांकडे वळू.

पहिलं पाऊल: फोटो नीट बघा

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे बाहुलीतून येणारी पांढरी चमक. आया सांगतात ती अशी: ‘संध्याकाळी दिव्याखाली मांजराच्या डोळ्यासारखं चमकतं.’ फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळट दिसते. संशय आला तर खोलीत थोडा अंधार करा, फ्लॅश चालू ठेवा, डोळ्यांचा लालपणा घालवणारी सोय बंद करा, आणि मूल समोर बघत असताना, मग डावीकडे-उजवीकडे बघत असताना फोटो घ्या. बारशापासूनचे जुने फोटोही चाळा. चमक कधीपासून आहे हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.

मूल किंचित बाजूला बघत असेल तर निरोगी डोळ्यातही कधीकधी फ्लॅश डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेच्या टोकावर पडून पांढरं दिसतं. जन्मजात मोतीबिंदू आणि पडद्याचे इतर काही आजारही असेच दिसतात. म्हणजे पांढरी चमक दिसली की कॅन्सरच, असं नाही. पण ते ठरवण्याचं काम घरच्यांचं नाही, आणि मोतीबिंदू असला तरी लहान मुलात त्यालाही थांबायला वेळ नसतो.

दुसरं लक्षण तिरळेपणा. तिरळं मूल नशीबवान असतं ही समजूत अजून ऐकू येते, आणि ‘मोठं झालं की सरळ होईल’ हेही. नव्याने आलेला तिरळेपणा मागचा पडदा बघितल्याशिवाय सोडून देऊ नये. डोळा लाल राहणं, सुजणं, बाहेर आल्यासारखा दिसणं, ही लक्षणं बहुधा उशिराची असतात.

दुसरं पाऊल: कुणाकडे आणि किती लवकर

आठवडाभरात. चुलत बहिणीचं लग्न उरकू दे, सुगी होऊ दे, असं इथे चालत नाही. जवळचे डोळ्यांचे डॉक्टर, जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय, कुठेही गेलात तरी एकच मागणी ठेवा: थेंब घालून बाहुली मोठी करा आणि मागचा पडदा बघा. टॉर्च मारून ‘ठीक आहे, सहा महिन्यांनी या’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. हे उद्धटपणाचं वाटेल, पण हा आजार इतका विरळ आहे की एखाद्या डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलेलाही नसतो. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही फोटो दाखवता येतो. त्यांच्या चिठ्ठीवर जिल्हा रुग्णालयात लवकर नंबर लागतो.

उपचार मात्र मोजक्याच ठिकाणी होतात, कारण डोळ्यांचे सर्जन, मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट हे सगळे एका छपराखाली लागतात. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे. नांदेड, लातूर, सोलापूर किंवा विदर्भातल्यांना हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान सोयीचं पडतं. तिथे रेटिनोब्लास्टोमाचं मोठं काम आहे आणि गरीब रुग्णांवर मोफत उपचार होतात. चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद आणि दिल्लीच्या एम्समधलं डॉ. राजेंद्र प्रसाद केंद्र ही आणखी नावाजलेली ठिकाणं. एकच निवडा आणि तिथेच टिकून राहा. चार ठिकाणी मतं घेत फिरण्यात दोन महिने कसे गेले ते कळत नाही.

तिसरं पाऊल: भूल देऊन तपासणी

दीड वर्षाचं मूल डोळा उघडा ठेवून पडून राहत नाही, म्हणून भूल द्यावी लागते. ही तपासणी पुढे अनेकदा होणार आहे, तेव्हा तिची सवय करून घ्या. भुलेआधी साधारण सहा तास जेवण किंवा वरचं दूध नाही, चार तास आईचं दूध नाही, शेवटचे दोन तास पाणीही नाही. रुग्णालय सांगेल ती वेळ अंतिम. आजीने लपवून दिलेलं बिस्किट भुलेत उलटीवाटे फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून ते आजीलाही आदल्या रात्री समजावून ठेवा. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका, तारीख पुढे गेली तरी चालेल.

डॉक्टर दोन्ही डोळे तपासतात, फोटो घेतात, सोनोग्राफी करतात. गाठीत चुन्याचे कण दिसले की निदान बळकट होतं. मग डोळ्यांचं आणि मेंदूचं एमआरआय. डोळ्यामागची नस आणि मेंदू मोकळा आहे ना, हे त्यात बघतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, कारण आनुवंशिक प्रकारात किरणांचा अनावश्यक मारा पुढे दुसऱ्या कॅन्सरचा धोका वाढवतो. बाहेरच्या कुणी ‘आधी सीटी काढून आणा’ म्हटलं तर त्यामागचं कारण विचारा.

नातेवाईक हमखास विचारतात, ‘तुकडा न काढताच कॅन्सर कसा म्हणतात?’ या आजारात सुई घालून तुकडा काढतच नाहीत. सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. अनुभवी डॉक्टर पाहून, सोनोग्राफी आणि एमआरआय जोडून निदान करतात, आणि तीच रीत आहे.

चौथं पाऊल: गट आणि उपचार समजून घ्या

प्रत्येक डोळ्याला ए ते ई असा गट देतात. ए म्हणजे तीन मिलिमीटरपर्यंतची, नजरेच्या मध्यापासून आणि नसेपासून दूर असलेली छोटी गाठ. ई म्हणजे डोळा आतून पार बिघडलेला. दोन डोळ्यांचे गट वेगळे असू शकतात, आणि त्यामुळे एकाच मुलाच्या दोन डोळ्यांवर वेगळे उपचारही होऊ शकतात. डॉक्टर ज्या क्रमाने विचार करतात तो मनात ठेवा: आधी जीव, मग डोळा, मग नजर.

छोट्या गाठींना लेसर किंवा अतिथंड उपकरणाने गोठवणं पुरतं. मोठ्या असतील तर आधी केमोने आकार कमी करतात आणि मग लेसर. नेहमीची केमो म्हणजे व्हिन्क्रिस्टिन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन ही तीन औषधं, शिरेतून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, बहुधा सहा वेळा. काही केंद्रांत जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या रोहिणीपर्यंत नेऊन मेलफॅलन सोडतात. औषध गाठीपाशीच जातं, पण खर्च बराच असतो आणि हे प्रत्येक डोळ्याला चालत नाही. डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात गाठीचे कण तरंगत असतील तर त्यात थेट इंजेक्शन देतात. (सुई नको म्हटलं आणि आता सुई? हे इंजेक्शन ठरावीक काळजी घेऊन, निवडक डोळ्यांतच आणि सराव असलेल्या हातांनीच देतात.) काही गाठींवर किरणोत्सारी चकती काही दिवस डोळ्याला शिवून ठेवतात. यासाठीची रुथेनियमची चकती आता मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते. बाहेरून पूर्ण डोळ्याला रेडिएशन देणं पूर्वी सर्रास होतं, आता ते शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवतात.

‘डोळा काढावा लागेल’

हे वाक्य ऐकल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी निर्णय देऊ नका, पण पुढची तारीख घेतल्याशिवाय रुग्णालयातून बाहेरही पडू नका. घरातल्या ज्या माणसाचा शब्द चालतो त्यालाच, मग ते आजोबा असोत की काका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर आणून बसवा. आई-वडिलांना पटलेलं असतं आणि गावी गेल्यावर वडीलधारे मोडता घालतात, हे फार वेळा घडतं.

पहिला प्रश्न विचारा: या डोळ्याला आत्ता किती दिसतं? ई गटातला डोळा बहुधा आधीच आंधळा असतो, मूल दुसऱ्या डोळ्याने बघत असल्यामुळे घरी कळलेलं नसतं. असा डोळा ठेवून नजर परत येत नाही. राहते ती गाठ, आणि ती नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकते. एकदा मेंदूत गेली की उपचार अतिशय अवघड होतात. डोळ्यात असताना मात्र डोळा काढणं हाच कित्येकदा पूर्ण उपचार असतो, केमोही लागत नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन लोकांना वाटतं त्यापेक्षा साधं असतं. मुलाला भूल असते. चेहरा, पापण्या, भुवया जिथल्या तिथे राहतात. डोळ्याच्या जागी गोल इम्प्लांट बसवून त्याला स्नायू जोडतात, वर पातळ पारदर्शक कवच ठेवतात. दोन-तीन दिवस सूज असते. मूल बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी खेळायला लागतं, त्याला सावरायला मोठ्यांपेक्षा कमी वेळ लागतो. सहा ते आठ आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवून कृत्रिम डोळा तयार करतात. लोक त्याला काचेचा डोळा म्हणतात, पण तो अॅक्रिलिकचा असतो, पडून फुटत नाही. तो थोडा हलतोही. अनोळखी माणसाला पटकन ओळखू येत नाही. मूल वाढतं तसा तो बदलावा लागतो, म्हणून तो खर्च एकदाचा धरू नका.

काढलेला डोळा पॅथॉलॉजीत जातो. पेशी नसेत खोलवर किंवा मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात बऱ्याच शिरलेल्या दिसल्या तर नंतर केमो देतात. हा रिपोर्ट घेतल्याशिवाय ‘झालं एकदाचं’ म्हणून गावी परतू नका. ऑपरेशननंतर जी कुटुंबं हरवतात ती बहुधा याच टप्प्यावर.

डोळा न काढता जडीबुटीने किंवा थेंबांनी गाठ विरघळवून देतो म्हणणारे भेटतीलच, रुग्णालयाच्या फाटकाबाहेरसुद्धा. त्यांच्याकडे गेलेले महिने भरून काढता येत नाहीत. नवस बोलायचा असेल तर जरूर बोला. तो फेडायला मात्र उपचार झाल्यावर जा.

केमो चालू असताना घरी

थर्मामीटर विकत घ्या, हाताने ताप बघण्यावर राहू नका. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की थेट रुग्णालय, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा वाटणारा ताप काही तासांत गंभीर होतो. तापाचं औषध पाजून सकाळची वाट बघू नका. गावी परतायचं असेल तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचं हे आधीच विचारून, केमोचा कागद सोबत ठेवा.

केस जातात आणि परत येतात. व्हिन्क्रिस्टिनने पोट कडक होतं, त्यावर औषध मागून घ्या. कार्बोप्लॅटिनने क्वचित कानावर परिणाम होतो, म्हणून मधूनमधून कान तपासायला सांगतात, ती तपासणी चुकवू नका. लसीकरणाचं कार्ड कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. जिवंत जंतूंच्या लसी या काळात देत नाहीत, म्हणून पोलिओच्या रविवारी बूथवर नेण्याआधी विचारा, भावंडांच्या डोसबद्दलही.

भावंडं आणि पुढचं बाळ

सख्ख्या लहान भावंडांचे डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्या. आई-वडिलांचेही एकदा तपासतात, कारण कुणाच्या पडद्यावर आपोआप बऱ्या झालेल्या गाठीचा वण निघतो. मुलाच्या रक्तातून आरबी-१ची चाचणी होते. बिघाड सापडला नाही तर भावंडांना वारंवार भूल द्यावी लागत नाही, त्यामुळे जमत असेल तर ती करून घेण्यासारखी आहे. पुन्हा दिवस गेले तर प्रसूतीच्या डॉक्टरांना हे आधी सांगा, बाळाचे डोळे जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच बघायला हवेत. आनुवंशिक प्रकारातल्या मुलाला मोठेपणी स्वतःचं मूल झालं, तर त्यात हा बिघाड उतरण्याची शक्यता निम्मी असते.

पैसा आणि मुक्काम

रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं आणि मुलाचा जन्मदाखला यांच्या पाच-पाच झेरॉक्स काढून ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण प्रत्येक उपचार त्यात बसत नाही, म्हणून दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक न्यासाकडेही अर्ज करता येतो. टाटामध्ये मुलांच्या विभागाची वैद्यकीय समाजसेवक मंडळी हे सारे अर्ज भरून देतात. पहिल्याच दिवशी त्यांना भेटा, पैसे संपण्याची वाट बघू नका.

मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड्स या संस्थेची मोफत केंद्रं आहेत. रुग्णालयाची चिठ्ठी लागते. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट फुकट आहे, सोबत्याला सवलत आहे. त्याचाही फॉर्म रुग्णालयातच मिळतो.

उपचार संपल्यावर

पहिली एक-दोन वर्षं तपासण्या जवळजवळ, मग अंतर वाढत जातं. डोळा वाचलेल्या मुलांत नवीन गाठी येऊ शकतात, त्यामुळे ‘आता तो छान दिसतो’ म्हणून तारीख सोडू नका. आनुवंशिक प्रकारात पाच वर्षांचं होईपर्यंत मेंदूचं एमआरआयही अधूनमधून सांगतात, कारण मेंदूच्या मध्यभागातल्या एका छोट्या ग्रंथीत तशीच गाठ क्वचित होते.

एकच डोळा असलेल्या मुलाला न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा लावा, नंबर नसला तरी. विटीदांडू, धनुष्यबाण, फटाके यांपासून तो एक डोळा सांभाळायचा आहे. शाळेत बाईंना सांगून चांगला डोळा फळ्याच्या बाजूला येईल अशी जागा मागा.

आनुवंशिक प्रकारातल्या मुलांना मोठेपणी हाडांचा किंवा स्नायूंचा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पंधरा-सोळाव्या वर्षी गुडघ्याजवळ सूज आली, हाड दुखत राहिलं, तर ‘क्रिकेटमध्ये लागलं असेल’ म्हणून मलम चोळत बसू नका. ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना लहानपणीचा आजार सांगा, कारण ते स्वतःहून विचारणार नाहीत. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, केमोच्या डोसांचा तक्ता आणि जनुकचाचणीचा कागद स्कॅन करून दोन वेगवेगळ्या फोनमध्ये ठेवा. मूल अठरा वर्षांचं झालं की तो संच त्याच्या हाती द्या.